सफरचंद आणि अकरा फ्रेम

ग्वोझ्देनने डिस्क काउंटरवर आपटली. "माझ्या पोराचा बार कुठाय?"

तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या ओब्रादचं लग्न झालं. चित्रण आमच्या स्टुडिओने केलं होतं: कॅमेरा मालकांचा, म्हणजे झिवादिनचा, पुढची जोडणी आणि डिस्क माझी. आमच्याकडे नवरीच्या अंगणात उंच काठीला सफरचंद बांधतात आणि नवरदेवाने ते गोळीने पाडल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही. ग्वोझ्देनच्या टीव्हीवर ओब्राद नेम धरत होता, मग चित्र गोठत होतं, आणि पुन्हा हलायला लागे तेव्हा सफरचंदाचे तुकडे जमिनीवर आणि लोक एकमेकांच्या गळ्यात.

"व्हिएन्नाहून माझे साडू आलेत. मला विचारतात, बार कापून टाकलात का हो? पोराला जमलंच नाही वाटतं? मी काय सांगू त्यांना?"

"काही कापलेलं नाही, काका. डिस्कला दोन थर असतात. लेझर पहिला थर आतून बाहेर वाचतो, कडेला पोचला की दुसऱ्या थरावर उतरतो आणि बाहेरून आत येतो. तुमच्या प्लेअरला ते उतरणं जमत नाहीये."

"म्हणजे माझा प्लेअर खोटा?"

"संगणकावर लावून दाखवते."

"तुझ्या संगणकाला काय चाटायचंय मला? साडू माझ्या घरात बसलेत, तुझ्या दुकानात नाही!"

आतून झिवादिन बाहेर आले. ते गिऱ्हाइकावर कधी ओरडत नाहीत. तेवढ्यासाठी मी असते. "विदा, उद्या तीनला यांच्या घरी सफरचंद पडलं पाहिजे. नाही पडलं तर परवा येऊ नकोस. पदार्थविज्ञानाची पदवी आहे म्हणून घेतली हिला. काय उपयोग?"

चूक माझीच होती. थर कुठे बदलायचा हे मी सॉफ्टवेअरवर सोडलं होतं आणि त्याने नेमका सफरचंदाचा क्षण निवडला होता. जागा हलवणं सोपं, पण हवी तिथे नाही. पहिल्या थरात निम्मा तरी चित्रपट हवा आणि थराच्या क्षमतेपेक्षा जास्त मावत नाही. हिशेब केला तर माझ्या हातात जेमतेम चार मिनिटं होती. त्यांत नवरीचं दार उघडण्याआधी पडदा क्षणभर काळा होतो. तिथे लेझर अडखळला तरी कुणाला कळणार नाही.

नवी जागा पक्की करण्याआधी तेवढा भाग मी फ्रेम-फ्रेम करून पाहिला. सवयच आहे ती. सेकंदाला पंचवीस फ्रेम. एका फ्रेममध्ये सफरचंद अख्खं. पुढच्या फ्रेममध्ये फुटलेलं. ओब्रादच्या बंदुकीतून मात्र अजून काहीच नाही. तिचा धूर बरोबर अकरा फ्रेमनंतर निघतो.

मग मी चित्राचा बाकीचा भाग पाहिला. वरच्या डाव्या कोपऱ्यात माडीची खिडकी होती. खिडकीत धुराचा पुंजका, त्याखाली बंदुकीची नळी आणि पांढऱ्या लेसची बाही.

लेस त्या अंगणात एकीच्याच अंगावर होती. स्तामेनाच्या. नवरीच्या.

ओब्राद तासभर गोळ्या वाया घालवत होता, पाहुणेही हवेत बार काढत होते, त्यामुळे एक आवाज जास्त झाला तर कोण मोजणार? एकदाच पाहणाऱ्याला काही दिसलं नसतं. पण त्या घरात एकदाच कोण पाहणार होतं? साडू मागेपुढे करून करून पाहणार. आणि स्तामेनाला त्याच घरात राहायचं होतं.

अकरा फ्रेम काढून टाकल्या. चित्र थोडं मोठं केलं, म्हणजे खिडकी चौकटीबाहेर गेली. खिडकीतला बार लग्नातल्या ट्रंपेटच्या आवाजाखाली दाबला. माझ्या हातून इतकं नीट काम आधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तीनला ग्वोझ्देनच्या बैठकीत बारा माणसं होती. स्तामेना कॉफीचं तबक घेऊन दाराशी उभी. मी डिस्क लावली. ओब्रादने नेम धरला, बार काढला, सफरचंद फुटलं. कुठेही अडखळलं नाही.

"बघा!" ग्वोझ्देनने साडूच्या पाठीत थाप घातली. "आता बोला की! जीभ कुठे गेली?"

"एकदम मस्त," साडू म्हणाला. "पण मग आधी कापलं कुणी?"

सगळे माझ्याकडे वळले. ग्वोझ्देन उठून माझ्यासमोर आला. "सांग त्यांना, पोरी. आधी कापलं होतंस आणि आता परत जोडलंस. सांग."

"तेव्हा कापलं नव्हतं, तो थर..."

"परत थर! झिवादिनला फोन लावू?"

जुन्या डिस्कमध्ये सगळं होतं, कापलेली होती ती ही नवी. मी म्हटलं, "हो. कापलं होतं. माझी चूक."

"हां! थर म्हणे!" जुनी डिस्क त्याने गुडघ्यावर दाबून मोडली. सासूबाईंनी कपबशी उचलत स्तामेनाला ऐकवलं, "पाहिलंस ना? माझा लेक असा आहे. एकाच बारात. त्याच्या नखाची तरी सर आहे का तुला?"

स्तामेनाने तबक खाली ठेवलं. ती मला फाटकापर्यंत पोचवायला आली. वाटलं, ही आता आभार मानेल.

"खिडकी कुठे गेली?" तिने विचारलं.

"तुमच्यासाठीच काढली. त्यांना कळलं असतं तर..."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"मला वाटलं..."

"तुला वाटलं! तीन आठवडे मी त्या डिस्कची वाट बघतेय. पहिली आली ती नेमकी तिथेच अडकली. सासू आधीचे चुकलेले बार विसरून रोज उठून मला ऐकवते, माझ्या लेकाने तुला एका बारात जिंकली. मी तोंडाने सांगून कोण ऐकणार? मला त्यांना दाखवायचं होतं." तिचा आवाज चढला नाही, पण फाटकाच्या गजावरची बोटं पांढरी पडली होती. "तासभर त्याला काठीसुद्धा लागत नव्हती. सत्तर पावलांवरून, खिडकीतून, पहिल्या बारात. तो नेम माझा होता. आणि तू माझ्यावर उपकार करायला निघालीस!"

"घरात राहायचंय तुम्हाला..."

"ते माझं मी बघीन. मूळ चित्रण आहे का दुकानात?"

"आहे."

"पाहुणे रविवारपर्यंत आहेत," ती म्हणाली आणि फाटक माझ्या तोंडावर लावलं.

सकाळी मी मालकांच्या आधी दुकान उघडलं. दोन थरांची डिस्क सावकाश भरली तर पाऊण तास लागतो. थर बदलायची जागा काळ्या पडद्यावरच ठेवली. खिडकी जागेवर ठेवली, अकराच्या अकरा फ्रेम परत घातल्या आणि बटण दाबलं. झिवादिन आले तेव्हा नऊ टक्के झालं होतं.

"कुणाची डिस्क?" त्यांनी विचारलं.

"स्तामेनाची," मी म्हटलं.