पोहऱ्याचं बटण

"खाली बघू नको गं पंचे. सांडतंय का न्हाई, ते डोळ्याला न्हाई, मानंला कळतं."

सरजाआत्याचं हे बोलणं पंचशीलाच्या कानावर पडलं तेव्हा ती दहा वर्षांची होती. डोईवर चुंबळ, चुंबळीवर तिच्या मापाची लहानशी घागर. पुढं आत्या, मागं ती, अन् दोघींच्या मध्ये आत्याची ओवी. ओवी देवाधर्माची नव्हती, पावलाच्या ठेक्याची होती:

डोईवर घागर, घागरीत गं आभाळ
पायी रुतू दे काटा, माने, तोल तू सांभाळ

शब्द जिथं टेकतो तिथंच पाऊल टेकलं, की घागरीतलं आभाळ हलत नसे.

त्याला बारा वर्षं झाली. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं त्या उन्हाळ्यात पंचशीला नांदेडहून कॉम्प्युटरचं शिक्षण पुरं करून जळकोटजवळच्या आपल्या गावी आली होती. बाया पुन्हा घागरी घेऊन निघालेल्या तिनं पाहिल्या आणि त्या चालण्याचा तिनं मोबाईलवर खेळ केला. मोबाईल दोन्ही हातांत आडवा धरायचा. तो कलला की घागर कलते. अंगठ्यानं ठेक्यात पावलं टाकायची. वाट बघायला पडदा खाली ओढावा तर वाट दिसते, पण पाणी सांडतं. बस्स. ना राजा, ना राक्षस.

पहिल्यांदा आत्यानंच खेळून पाहिलं. "ह्यो कसला खेळ? ह्यात तर लई काम हाय," म्हणाली, आणि दोन तास मोबाईल परत दिला नाही.

वीरभद्र सर जळकोटला कॉम्प्युटरचा क्लास चालवत. पंचशीलाला माऊस धरायला त्यांनीच शिकवलेलं. नांदेडच्या कलाप्रदर्शनात यंदा मोबाईलचे खेळही मांडणार, ही बातमी त्यांनीच आणली. पण खेळ पाठवायचा तर कुणाची तरी शिफारस हवी होती. ती मिळणार होती नव्या जिल्ह्याच्या कृती समितीची. उदगीर जिल्हा झाला पाहिजे म्हणून समितीचा मेळावा भरणार होता. तिथं मोठ्या पडद्यावर खेळ दाखवायचा, टाळ्या पडल्या की पत्र. समितीचे अध्यक्ष पंचशीलाच्याच गावचे, साहेबरावकाका. पन्नास एकरांचे धनी. मागच्या मोठ्या दुष्काळात पंचक्रोशीत एकट्या त्यांच्याच विहिरीला पाणी होतं.

काकांची मागणी साधी होती. खेळाच्या शेवटी नवा जिल्हा दाखवायचा, कलेक्टर कचेरीची पाटी दाखवायची आणि घरोघरी नळ सुटलेला दाखवायचा. सरांचं म्हणणं जरा शिकलेलं होतं. कलेला कथा लागते, कथेवाचून हे नुसतं खेळणं. आधी तापानं फणफणलेलं लेकरू दाखव, मग आईची पायपीट, मग अश्रू.

पंचशीला ऐकेना. "सर, गोष्ट ऐकली की लोक हळहळतात, अन् उठून चहाला जातात. त्यांचे हात जरा अवघडू द्या की."

"हात अवघडले की कला होते व्हय?"

"मग जात्यावरची ओवी काय पंख्याखाली बसून केली होती?"

सर हसले, पण हट्ट सोडला नाही. शिवाय खेळातला एक बिघाड त्यांना फार खुपत होता. चालत चालत विहिरीशी पोचलं की पोहऱ्याचं चित्र दिसे. कुणीही त्यावर बोट दाबणारच. दाबलं तरी पोहरा हलत नसे. घागर समोर धरून, बोट न लावता, मोबाईल स्थिर ठेवून उभं राहिलं, तर केव्हातरी वरून कुणीतरी पाणी ओती. केव्हा, त्याला नेम नव्हता. मध्येच बोट लागलं की उभं राहणं पुन्हा पहिल्यापासून. एवढं बटण दुरुस्त कर, असं सरांनी चारदा बजावलं. चारही वेळा "बघते, सर" म्हणून पंचशीला गप्प बसली. खरं काय ते सांगावं तर पत्र काकांच्या हातात होतं. आणि आत्याही म्हणे, "बोलून पाणी वाढत न्हाई, पंचे."

मेळावा मंगल कार्यालयात भरला. भर दुपार, पंखे गरम वारा ढकलत होते. बायांच्या बाजूला मागच्या रांगेत आत्या बसली होती. भाषणं झाली, घोषणा झाल्या, मग काकांनी स्वतःच मोबाईल हातात घेतला आणि मागच्या पडद्यावर त्यांची घागर डुलायला लागली. दहा पावलांत अर्धी रिकामी. हॉलमध्ये हशा पिकला. कुणी म्हणालं, काका, घरी वहिनींकडून शिकून या. कुणी म्हणालं, जिल्हा असाच डोक्यावरनं सांडू नका. काकाही हसले. मग मात्र त्यांना ईर्षा चढली, ठेका सापडला, आणि घाम पुसत पुसत ते विहिरीशी पोचले.

त्यांनी पोहरा दाबला. पुन्हा दाबला. मग अंगठ्यानं दाबत राहिले, दारावरची घंटी वाजवावी तसे. हशा आधी वाढला, मग विरला. काका माईकमध्ये म्हणाले, "पोरगी हुशार हाय, पण मशीन बिघडलंय. नवा जिल्हा झाला की हिला चांगलं मशीन देऊ."

वीरभद्र सर खुर्च्यांमधून वाट काढत पंचशीलापाशी आले. बिघाड आहे एवढंच म्हण, ते कानात सांगत होते. लेकरू, पाटी, नळ, सगळं घालून त्यांनी एक फिल्म करून आणली होती, ती लॅपटॉपवर तयार होती. तू हो म्हण, मी लावतो. पत्र आजच मिळेल. नांदेड पक्कं.

पंचशीलानं मागं पाहिलं. आत्यानं मान हलवली नाही, नजरही काढली नाही. काका अजून दाबतच होते.

ती उठली, मंचापाशी गेली. माईक कुणी दिला नाही, तिनं मागितलाही नाही. आवाज पुरेसा होता.

"काका, बटण बिघडलं न्हाई. मी ते पोहऱ्याला जोडलंच न्हाई. दोन हजार चारच्या दुष्काळात तुमच्या विहिरीवर आम्हा बुद्धवाड्यातल्या बायांना दोराला हात लावू देत नव्हते. तीन पावलं लांब घागर धरून उभं राहायचं, अन् तुमच्या घरचं कुणी रिकामं झालं की ते वरून ओतणार. मी दहा वर्षांची होते. सकाळी गेलेली, दुपारपर्यंत उभी होते. ह्या खेळात नळ येणार न्हाई. नांदेडला पाठवायचा तर असाच पाठवा, न्हाईतर राहू द्या. आता दाबू नका, काका. घागर धरून उभे राहा."