गंज न लागणारी जाळी

बिसनलालचा पाय सकाळपासून ठरत नव्हता. गोंदियाला लग्नाला जायचं होतं, पांढरा सदरा सापडत नव्हता. तो बनियनवरच अंगणात येरझारा घालत होता.

धाकट्या भावाशी भांडण झालं म्हणून त्यानं बिरसी गावातल्या घराचं अंगण मधोमध तोडून हिरव्या प्लास्टिकची डोक्याएवढ्या उंचीची जाळी ठोकून घेतली होती. कधी गंजणार नाही, अशी दुकानदाराची हमी. आज तिच्यावर भावाच्या बायकोनं, योगेश्वरीनं, धुणं वाळत घातलं होतं! भावाशी अबोला, आणि धाकट्या भावाच्या बायकोशी भासऱ्यानं, म्हणजे थोरल्या दिरानं, बोलायची रीत नाही. ओरडावं कोणावर? खांबाखांबापाशी खाकरून तो थकला. शेवटी चुलीपाशी जाऊन बायकोवर कडाडला, "तुह्या जावेले सांग, लुगडे काढ म्हणा! जाळी माही होय!"

सुखवंता तांदूळ निवडतच म्हणाली, "आपल्या जुन्या तारेवर कपड्याले गंजाचे डाग पडते जी. म्हनून तुमचा सदराबी मीच तिच्यापाशी देल्ला. ऊन तिकडंच हाय. वाळला असन आता. जा, मागून आना."