शेवटचा सबक राहिला

मी एक जुनी रेहल आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी हा शब्द ऐकलाही नसेल, म्हणून आधी तेवढं सांगते. रेहल म्हणजे ग्रंथ उघडून ठेवायची लाकडी घोडी. माझी दोन पाती एकमेकांत अडकलेली आहेत. ती फाकवली की फुलीसारखी उभी राहते आणि मिटली की साधी फळी होते. ग्रंथ जमिनीला लागू नये आणि वाचणाऱ्याची मान अवघडू नये, एवढंच माझं काम. काम साधं आहे, पण त्यापायी मी जे पाहिलं ते साधं नव्हतं.

माझा जन्म सहारनपूरच्या एका सुतारगल्लीत झाला. शिसवाची एकच फळी. तिच्यात ना खिळा, ना बिजागरी, ना सरस. माझ्या कारागिरानं फळी हातात घेतली तेव्हाच मी कशी होणार हे त्याला ठाऊक होतं. बाकीच्यांना ते मी तयार झाल्यावर कळलं. कडेनं त्यानं द्राक्षाची वेल कोरली आणि मला लखनौच्या एका व्यापाऱ्याला विकून टाकलं. जन्मदात्याशी माझा संबंध तेवढाच.

लखनौला चौकातल्या एका गल्लीतल्या छोट्या मदरशात मी आले आणि मौलवी वजाहत अलींच्या हुजऱ्यात, म्हणजे त्यांच्या राहण्याच्या खोलीत, कायमची राहिले. सकाळी माझ्यावर कुराण असे. दुपारी मौलवी ते उचलून, डोळ्यांना लावून, वरच्या कोनाड्यात ठेवत आणि माझ्यावर हिकमतीचं पुस्तक उघडत. हिकमत म्हणजे तत्त्वज्ञान. पुस्तक जुन्या शिळाछापाचं होतं. पानाच्या मधोमध मूळ मजकूर, कडेनं त्यावरची टीका, आणि जागा उरेल तिथं त्या टीकेवरची टीका, तीही आडवी-तिरपी. एका पानावर पाचशे वर्षं भांडण चाललेलं असे आणि मी ते मुकाट्यानं पेलत असे.

काय भांडण होतं? मौलवी सांगत, ते मी ऐकून पाठ केलंय. फार पूर्वी एका हकिमानं, म्हणजे तत्त्ववेत्त्यानं, म्हटलं, देवाला सगळ्या जगाचा नियम कळतो. पण अमुक गल्लीतल्या तमुक माणसाचा दात आज दुखतोय, हे त्याला वेगळं कळायची गरज नाही. एक इमाम त्यावर भडकला. असं म्हणणारा धर्माबाहेर गेला, असं त्यानं लिहून ठेवलं. मग पश्चिमेकडच्या एका काझीनं इमामाला उत्तर दिलं आणि शेवटी त्या काझीचीच पुस्तकं जाळली गेली. तिघंही नमाज पढणारे, तिघंही रोजे धरणारे, बरं का. बाहेरच्यांना वाटतं हे देवाला मानणाऱ्या आणि न मानणाऱ्यांचं भांडण असेल. तसं मुळीच नव्हतं. ते घरातलं भांडण होतं, आणि घरातली भांडणं फार खोल जातात.

पुष्कळांना आवडायचं नाही की कुराणाच्या रेहलीवर हे पुस्तकही चढतं. मौलवी म्हणत, सकाळी ज्याचा हुकूम ऐकायचा, दुपारी त्यानंच दिलेली अक्कल वापरायची. त्यासाठी दोन रेहली कशाला हव्यात?

त्यांच्या शिकवण्याची एक रीत होती, ती नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्या रितीवरून झालं. पुस्तक विकत घेऊन वाचलं म्हणजे शिकलं असं ते मानत नसत. उस्तादांसमोर बसायचं, ओळ मोठ्यानं वाचायची, त्यांनी चूक काढायची, अर्थ सांगायचा. असा एकेक सबक, म्हणजे धडा, करत पुस्तक संपवायचं. शेवटचा सबक झाला की उस्ताद इजाजत देत. इजाजत मिळालेल्यानंच ते पुस्तक दुसऱ्याला शिकवायचं. मौलवींना अशीच त्यांच्या उस्तादांकडून मिळाली होती, त्यांना त्यांच्या उस्तादांकडून, अशी ती साखळी थेट त्या भांडणापर्यंत जात होती.

पण नव्वद साल येईपर्यंत हिकमतीला मुलं उरली नव्हती. गावाकडून आलेल्या गरीब पोरांना लवकर एखाद्या मशिदीतली इमामत किंवा नोकरी हवी होती, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. मदरशाचे नाझिम, म्हणजे कारभारी, यांनी तो विषयच बंद केला. "बच्चों के दिल में शक डालने से क्या हासिल?" असं ते म्हणत. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता. मौलवींची नजर मंदावत चालली होती, आणि इजाजत द्यायला समोर कोणीच नव्हतं. अख्खी दुपार मी रिकामी उभी असे.

अशा वेळी आली चंद्रप्रभा. अमरावतीकडची मराठी बाई. नवरा अभिराम बँकेत, बदलीवर लखनौला, राहायला गोमतीपलीकडच्या महानगर नावाच्या वस्तीत. ती एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायची आणि विद्यापीठात चार वर्षं खपून अरबी शिकली होती. तिनं मौलवींना विचारलं, मला हे पुस्तक शिकवाल का? मौलवींनी तिला पहिलं पान वाचायला लावलं. तिनं पहिल्याच ओळीत तीन चुका केल्या. मौलवी म्हणाले, उद्या या.

ती अंगणात बसे, मौलवी दारात, मधे मी. दार सताड उघडं असे, तरी लोक कुजबुजायचे ते कुजबुजलेच. मी मात्र खूश होते. चुकली की ती जीभ चावायची आणि मौलवी म्हणायचे, "फिर से, बेटी." एवढं माझं कौतुक त्या घरात कधी झालं नव्हतं, ती रोज आपल्या ओढणीनं माझी वेल पुसायची. दोन वर्षांत पुस्तक संपत आलं.

ब्याण्णव सालच्या दसऱ्याच्या सुट्टीत मदरशाची डागडुजी निघाली. चुन्याची धूळ बसू नये म्हणून मौलवींनी मला आणि पुस्तकाला तिच्याबरोबर महानगरात पाठवलं. दसऱ्याच्या सकाळी तिनं पाटावर पाटी मांडली, एकाचे आकडे जुळवून सरस्वती काढली, लेकीची, आर्याची, वह्यापुस्तकं मांडली, आणि मधोमध मला ठेवून माझ्यावर ते हिकमतीचं पुस्तक ठेवलं. लखनौत आपटा कुठला? कचनारची पानं आणली होती. मग तिनं सगळ्यांना हळदकुंकू वाहिलं, मलाही. पुस्तकाला मात्र नुसतं फूल, पान खराब होईल म्हणून. आर्यानं विचारलं, "मम्मी, इसको भी?" ती म्हणाली, "हो गं, विद्या ती विद्या." तिच्या मनात पापाचा लवलेश नव्हता. ज्या घरात पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करतात, त्या घरची ती मुलगी. तिला जे सर्वांत मोलाचं वाटत होतं त्याची तिनं पूजा केली, आणि तिथंच घात झाला. ओल्या फुलाचं पाणी ठिबकलं आणि कुंकू माझ्या कोरीव वेलीत उतरलं. घासून घासून तिची बोटं दुखली, पण ते निघालं नाही.

परत गेल्यावर तिनं मौलवींना सगळं सरळ सांगितलं. मौलवींनी बोट फिरवून पाहिलं, कारण नजरेला ते दिसतच नव्हतं. मग म्हणाले की तुमच्या रिवाजात ही इज्जत आहे, आमच्यात हा गुन्हा आहे. नियत तुमची साफ आहे, पण पुन्हा असं करू नका. त्यांच्यापुरता विषय संपला. पण डागडुजी बघायला आलेल्या नाझिमांची नजर शाबूत होती.

शुक्रवारी नमाजनंतर नाझिमांनी लोकांसमोर मला उचलून दाखवलं. ज्या रेहलीवर कुराण असतं तिच्यावर पूजेचं कुंकू! लोक खवळले, आणि दिवसही तसेच होते. शहरात रोज कसल्या ना कसल्या मिरवणुका, घोषणा. नाझिम म्हणाले, मौलवीसाहेब, एवढंच बोला की हिकमत ही गुमराही, म्हणजे वाट चुकणं, होती, ती बाई पुन्हा येणार नाही, आणि ही रेहल गोमतीत सोडतो. तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही.

मित्रांनो, सुटका किती सोपी होती पाहा. सगळा दोष बाईवर टाकला की झालं. मौलवी उभे राहिले. म्हणाले,

"दाग़ मेरी रेहल पर है, मेरे ईमान पर नहीं. और वो मेरी शागिर्द है. सबक़ पूरा होगा."

महिनाअखेर त्यांना हुजरा सोडावा लागला. चाळीस वर्षांचा संसार एका सायकलरिक्षात मावला. वजीरगंजात त्यांची भाची रजिया शिवणकाम करून राहायची, तिच्या एका खोलीत आम्ही गेलो. ओल आलेल्या भिंती, थंडी, आणि मौलवींचा दमा. चंद्रप्रभा तिथंही यायची. आपल्यामुळे हे झालं म्हणून रडायची, आणि मौलवी तिला रडू न देता वाचायला लावायचे.

शेवटचे सबक त्याच जुन्या भांडणाचे होते: देवाला एकेक बारीक गोष्ट कळते का? काझीचं उत्तर समजावताना मौलवींनी माझ्यावर हात ठेवला. म्हणाले, आपल्याला ही रेहल पाहून कळते. हिच्या कारागिराला ती आधी ठाऊक होती, म्हणून ती झाली. त्याचं जाणणं वेगळं, आपलं वेगळं. देवाचं जाणणं आपल्या मापानं मोजू नका. चंद्रप्रभानं विचारलं, मग तुम्हाला हुजऱ्यातून काढलं, तेही त्याला ठाऊक होतं? मौलवी म्हणाले, याचं उत्तर शेवटच्या सबकात आहे, तो सोमवारी करू.

रविवारी अयोध्येची बातमी आली. सोमवारी जुन्या शहरात संचारबंदी होती.

पुढचे दिवस सांगायला मला जड जातं. लांबून आरडाओरडा ऐकू यायचा, मग बुटांचे आवाज, मग काहीच नाही. महानगरात अभिराम बायकोला म्हणत होता, "अगं, पुलापलीकडे पोलीस सोडत नाहीत. गेलीस तर मी आर्याला काय सांगू?" हे मला नंतर तिच्याच तोंडून कळलं. इकडे मौलवींच्या दम्याची औषधं संपली. रजिया दोनदा गल्लीच्या तोंडापर्यंत गेली आणि दोनदा तिला परत फिरवलं. मौलवींनी मला जवळ ओढलं, पुस्तक उघडलं, आणि दिसत नसताना शेवटचा सबक तोंडपाठ म्हणायला लागले. ऐकायला रजिया, जिला अरबी येत नव्हती, आणि मी. दुसऱ्या दिवशी ते गेले. दफनालाही परवानगीपुरती माणसं होती.

संचारबंदी उठल्यावर चंद्रप्रभा आली. दारातच तिला कळलं. रजियानं मला आणि पुस्तकाला एका चादरीत बांधून तिच्या हातात दिलं आणि मामूंचा निरोप सांगितला:

"कह गए हैं, बाक़ी ख़ुद पढ़ लें. मगर पढ़ाएँ नहीं. सबक़ पूरा नहीं हुआ."

मरतानाही त्या माणसानं रीत मोडली नाही. मला तेव्हा त्यांचा राग आला आणि अजूनही येतो.

मग मी महानगरातल्या माळ्यावर गेले. अभिराम म्हणाला, आल्यागेल्याला अरबी पुस्तक दिसायला नको, दिवस बरे नाहीत. एका घरानं मला कुंकवापायी टाकलं, दुसऱ्यानं अरबीपायी लपवलं. सुटकेस, जुनी गादी आणि मी, अशी सहा वर्षं गेली. अंगाला वाळवी लागली. चंद्रप्रभा अधूनमधून शिडी लावून वर यायची, मला पुसायची, शेवटची पानं मनात वाचायची आणि उतरायची. कॉलेजात तिनं बाकी सगळं शिकवलं, हे पुस्तक कधीच नाही.

अठ्ठ्याण्णवच्या हिवाळ्यात दारावर नाझिम उभे राहिले. दाढी पांढरी झाली होती. मदरशातली मुलं आता परदेशी विद्यापीठांत जाऊ लागली होती आणि तिथं त्यांना हेच जुनं भांडण विचारत होते. हिकमत पुन्हा सुरू करायची होती. त्यांनी अख्खं शहर धुंडाळलं होतं.

"मोहतरमा, आपके सिवा कोई नहीं जो यह किताब पढ़ा दे. मैं ख़ुद बैठूँगा आपके सामने."

चंद्रप्रभानं त्यांना चहा दिला. मला माळ्यावरून काढलं, पुसलं, पुस्तक माझ्यावर ठेवलं. मला वाटलं, आता वाचेल. ती म्हणाली, "मुझे इजाज़त नहीं है."

"तो इजाज़त अब कौन देगा?"

"जो दे सकते थे, उन्हें आपने हुजरे से निकाल दिया था."

नाझिमांनी चष्मा लावला आणि शेवटचा सबक स्वतःच वाचायला घेतला. चौथ्या शब्दाला अडकले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकले. तो शब्द कसा वाचायचा हे चंद्रप्रभाला ठाऊक होतं. तिचे ओठ हललेही. पण ती बोलली नाही. नाझिमांनी पुस्तक मिटलं. मग उठून गेले.

तिनं बरोबर केलं की चूक, हे मला लाकडाला काय कळणार? तिनं उस्तादांचा शब्द पाळला, एवढंच मी पाहिलं. आणि त्या दिवशी एक फार जुनी साखळी लखनौत संपली, हेही पाहिलं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांची सोबती नाही. मला जपा असं मी म्हणत नाही, लाकूड पुन्हा मिळतं. पण तुमच्या गावात एखादा म्हातारा असेल, ज्याला काहीतरी असं येतं जे दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि त्याचं वागणं तुम्हाला खटकत असेल, तर आधी त्याच्यासमोर बसा आणि त्याचा शेवटचा सबक पुरा करून घ्या. भांडायला नंतर कोणीही मिळेल.