केसाएवढी तार

मी प्लॅटिनमची तार बोलतेय. दागिन्यातली नव्हे हं. केसाएवढी बारीक, काचेच्या नळीच्या टोकात रोवलेली. डुलुथ शहरातल्या प्रयोगशाळेत मला व्हर्ना हाल्वरसनने घडवलं. चौतीस वर्षं तिथे काम केलेली बाई ती. तिने काच तापवली, मला आत खोचलं आणि माझं टोक ठोकून चपटं केलं.

पुढे मी ॲनिका लुंडक्विस्टच्या हाती आले. पोरगी हुशार, पण भारी उतावळी. म्हातारपणी शरीरातली प्रथिनं गोळा होऊन गुठळ्या धरतात. औषध देऊन त्या थांबवल्या तर आयुष्य वाढेल का, हे तिला शोधायचं होतं. त्यासाठी तिने डोळ्यांना जेमतेम दिसणारे कृमी पाळले होते. रोज सकाळी ती मला ज्योतीत धरून शुद्ध करायची आणि भिंगाखाली एकेका कृमीला टोचायची. हलला तर जिवंत. नाही हलला तर मेला, उचलून बाजूला. घाई इतकी, की सुरुवातीला मी निवण्याआधीच टोचून तिने कितीतरी भाजले. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

सहा महिन्यांनी हिशेब लागला: आयुष्य एका दिवसानेही वाढलेलं नाही. ॲनिकाची नेमणूक वसंतात संपत होती. ती सामान आवरू लागली.

कृमींच्या शेवटच्या काचेच्या बशा फेकण्याआधी व्हर्नाने मला उचललं. एका ‘मेलेल्या’ कृमीच्या नाकाला हळूच लावलं आणि वाट पाहत बसली. बऱ्याच वेळाने त्याने डोकं वळवलं.

"म्हाताऱ्याला जरा वेळ दे, पोरी," व्हर्ना म्हणाली. "मी तरी हाक मारल्याबरोबर उठते का?"

ॲनिकाने आवरलेलं सामान पुन्हा सोडलं. मग नाक घासून मुदत वाढवून घेतली आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी कृमी खरंच जास्त जगले. काय दिवस होते ते! दोघी शेजारी बसायच्या, कॉफी गार व्हायची, आणि मी या हातातून त्या हातात फिरायचे.

यंदा ॲनिकाला तरुण शास्त्रज्ञांचा मोठा सन्मान मिळाला. कृमी आता यंत्र मोजतं. म्हणून मानचिन्ह दाखवायला आणि मला परत द्यायला ती निवृत्त व्हर्नाच्या घरी आली. व्हर्नाने रुबार्बच्या आंबट देठांचा केक कापला, मानचिन्ह डोळ्यांजवळ धरून वाचलं.

"छान झालं. पण पहिल्या वेळी जिवंत किती फेकलेस गं?"

"ते कुठे लिहिलेलं नाही, व्हर्ना," ॲनिका म्हणाली.

आता मी व्हर्नाच्या खिडकीत, पेल्यात उभी असते. इथे कुणाला घाई नाही. त्या दोघींवर माझी माया आहे, म्हणून तुम्हीही ॲनिकाला बोल लावू नका. पण आकडा तुम्हाला सांगून ठेवते. एकशे बारा. प्रत्येकाला मीच उचललं होतं, आणि उचलताना प्रत्येक जण माझ्या टोकावर हलला होता.