शिळा नमुना

"हे ठिपके डास चावल्याचे नाहीत, दादा," लॅबमधली बाई म्हणाली, आणि रक्त घ्यायचं सोडून वॉर्डातल्या खाटेवरच्या सलूनवाल्याच्या नडगीवरून बोट फिरवू लागली.

"मग तीस वर्षं उभं राहून आलेले असतील. डॉक्टरही तेच म्हणाले. तीन वाजता सोडतायत मला. एक गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी वाट बघतंय हो!"

बाई हसली, पण बोट थांबलं नाही. मसुराएवढे जांभळट ठिपके डोळ्यांना सपाट दिसत होते, बोटाला मात्र उंचवटा लागत होता. तिने ट्रेमधली कोरी काचपट्टी एका ठिपक्यावर दाबली. नुसती लाली असती तर ती दाबल्यावर फिकी पडली असती. हा ठिपका काचेखालून तसाच टक लावून बघत राहिला. म्हणजे रक्त आपली वाट सोडून कातडीत उतरलं होतं.

सव्वीस वर्षं ती लॅबमध्ये होती. सगळे तिला 'लघवीवाली बाई' म्हणत. आधी पाठीमागे, आताशा तोंडावरही.

तिने वॉर्डातल्या तरुण डॉक्टरला गाठलं. "डॉक्टर, त्यांच्या रक्तवाहिन्यांनाच सूज असेल. किडनीपर्यंत गेली असली तर?"

"ताई, व्हॅस्क्युलायटिस माझ्याही डोक्यात आलं होतं." त्याने कागद पुढे केला. "पण लघवीत किंचित रक्त, बाकी काही आढळलं नाही. सही तुमचीच आहे ना?"

सही तिचीच होती. सकाळी सातचे नमुने अकराला वर यायचे. जिने चढून गुडघे जातात म्हणून वॉर्डातली मावशी सगळ्या बाटल्या एकदमच आणायची. तोवर त्या खिडकीत, उन्हात. चार तासांत आत जे असेल ते विरघळून जातं, हे बाईला पक्कं माहीत होतं. तरी कोण भांडत बसणार, म्हणून ती सह्या ठोकत आली होती.

"तो नमुना शिळा होता. मी बोलायला हवं होतं, बोलले नाही. मला ताजा द्या आणि अर्धा तास द्या. काही नाही सापडलं तर खुशाल घरी पाठवा, आणि मला काय बोलायचं ते बोला."

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. अडीच. "बरं. अर्धा तास."

सलूनवाला बाटली हातात धरून उभा. "अशी घाई केली की येत नाही हो, ताई."

"नळ सोडा. आणि त्या अर्ध्या दाढीवाल्याची आठवण काढा."

बाटली मुठीत घेऊन बाई तीन जिने चढली. अशी ती लेकीला बारावीचा निकाल सांगायला धावली होती, त्यानंतर आजच. थेंब काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. पहिल्यांदा काही नाही. काच सरकवली. काही नाही. पुन्हा सरकवली, आणि हात थांबला. लाल पेशी एकमेकींना चिकटून झालेला लांबट साचा, किडनीतल्या बारीक नळीच्या मापाचा. तो दुसरीकडे कुठेच तयार होत नाही. त्याच्या शेजारी दुसरा होता.

निरोप मिळताच डॉक्टर धापा टाकत आला, वाकला आणि भिंगाला डोळा लावला.

"हे मी फक्त पुस्तकात पाहिलंय."

"पुस्तकातलं ताजं असतं, डॉक्टर."

घरी सोडणं रद्द झालं. सगळ्यात नव्या ठिपक्याचा तुकडा तपासायला गेला, रक्त मोठ्या लॅबला गेलं. दोन्हींनी बाईच्या बाजूने कौल दिला. कौल यायच्या आधीच औषध सुरू झालं होतं. आणखी पंधरवडा गेला असता तर किडन्या हाती लागल्या नसत्या, असं डॉक्टरने पूर्ण वॉर्डासमोर सांगितलं. तेव्हा बाई मावशीशी भांडत होती: बाटली भरली की लगेच वर, गुडघे दुखले तर मला हाक मार, मी खाली येते.

चार महिन्यांनी, सकाळी सव्वासातला, लॅबच्या दारात डॉक्टर स्वतः उभा. हातात एकच बाटली, कोमट. "सलूनवाले काका आलेत, ताई. पळतच आलो."

बाईने काच लावली. एक कोपरा सोडला नाही, वीस मिनिटं पाहिलं. मग पेन उघडून, एकेक अक्षर सुटं काढत, तिने लिहिलं: काही आढळलं नाही. आणि खाली ठसठशीत सही केली.