जोडधंदा

दात कोरून पोट भरत नाही, ही म्हण दातांच्याच कामात जन्म घालवणाऱ्याला कुणी शिकवायला नको होती. तो कवळ्या बनवायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवाला म्हणत आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे. दिवसभर लॅबमध्ये लोकांचे प्लास्टरचे जबडे समोर मांडून बसायचं, मेणात एकेक दात रोवायचा, आणि सगळं फार देखणं झालं तर एखादा मुद्दाम किंचित वाकडा करायचा, म्हणजे खरा वाटतो. पगार बरा होता. बरा म्हणजे महिन्याच्या आधी संपणारा.

त्यामुळे त्याने लॅब सुटल्यावर आपल्या गाडीत ऍपवरचे प्रवासी घ्यायला सुरुवात केली तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. वडिलांना व्यायाम शिकवायला आठवड्यातून दोनदा एक माणूस यायचा, त्याचे पैसे सुटतील, असं त्याने घरात सांगितलं. ऐकणाऱ्याला पटावं असंच कारण होतं. पण हत्तीचेच दाखवायचे आणि खायचे दात वेगळे असतात असं नाही, कवळीवाल्याचेही असतात.

खरं कारण वडिलांचं संध्याकाळचं जेवण हे होतं.

पक्षाघाताने वडिलांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि गिळणं धड गेलंही नाही, धड राहिलंही नाही. दवाखान्यातून ते थेट मुलाकडेच राहायला आले. त्यांचं जेवण म्हणजे सगळं एकत्र वाटून केलेला घट्ट गोळा, आणि पाण्यातसुद्धा ते दाट करायची पावडर. अर्धा चमचा द्यायचा, हनुवटी खाली करायला सांगायचं, गिळेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा एकदा रिकामं गिळायला लावायचं, गालात काही उरलंय का ते बघायचं, आणि मग पुढचा अर्धा चमचा. एक वाटी संपेपर्यंत बाहेरचा उजेड जायचा. सुरुवातीला हे काम त्याने हौसेने अंगावर घेतलं होतं. पहिल्याच आठवड्यात, वडिलांना लॅबमधली काही गंमत सांगता सांगता, त्याने आधीचा घास उतरायच्या आत पुढचा दिला. वडिलांचा श्वास अडकला. ओठ निळे पडले. हा चमचा हातात धरून उभाच. बायको शिलाईमशीनवरून धावत आली, तिने त्यांना पुढे वाकवलं, पाठीत धपाटे घातले, आणि घास बाहेर पडला. वडील वाचले. त्यानंतर त्याने चमचा हातात घेतला नाही. तू देऊ नकोस असं कुणी म्हणालं नाही, आणि मी देणार नाही असं तोही म्हणाला नाही. काही गोष्टी घरात अशाच न बोलता ठरतात आणि ज्याच्या गळ्यात पडायच्या त्याच्या पडतात.

मग फोनवर जाहिरात आली: फावल्या वेळाचं सोनं करा. फावला वेळ कोणता ते त्याचं त्यानेच ठरवलं. वडिलांच्या जेवणाचा.

बायकोने आडकाठी केली नाही. ती घरी बसून लोकांचे कपडे अल्टर करून द्यायची, कुणाची कंबर सैल कर, कुणाची बाही आखूड कर. आधी माप घ्यायचं, मग कात्री लावायची, ही तिची सवय.

"तीन महिने करून बघा," ती म्हणाली. "सगळा खर्च वजा जाऊन काही उरलं तर खुशाल चालू ठेवा. नाही उरलं तर मुकाट्याने संध्याकाळी घरी बसायचं. कबूल?"

"कबूल," तो म्हणाला. त्या वेळी त्याला गणिताची भीती वाटली नाही.

गाडी चालवणं त्याला आवडलं हे खोटं नाही. फोन वाजायचा, कुणीतरी कुठेतरी उभं असायचं, हा जायचा. माणूस मागे बसायचा, गारवा जरा कमी करा म्हणायचा, हा कमी करायचा. माणूस ठिकाणावर उतरायचा आणि जाता जाता पाच तारे देऊन टाकायचा. घरात पाच वर्षांत जेवढं गोड बोलला नसेल तेवढं तो एका संध्याकाळी बोलायचा. त्याच्या हातून कुणाला काही झालं नाही. चढलेला प्रत्येक माणूस धडधाकट उतरला, आणि त्यातच त्याला सगळं समाधान होतं.

"परवडतं का हो?" दर दुसरा प्रवासी विचारायचा. लोकांना बोलायला विषय लागतो.

"परवडतं की," हा म्हणायचा.

परवडत नव्हतं. हे त्याला पहिल्यांदा लॅबमधल्या भट्टीवाल्याने सांगितलं. भट्टीवाला शेजारच्या टेबलावर धातूचे दात ओतायचा. त्याने स्वतः वर्षभर असं गाडी चालवून शेवटी गाडीच विकून टाकली होती, त्यामुळे त्याला या विषयात बोलायचा अधिकार होता आणि तो हा अधिकार वापरायचाही.

"पेट्रोल धरलंस?"

"धरलं."

"रिकामी गाडी परत आणतोस, ते पेट्रोल?"

कवळीवाला मेण वितळवायला लागला.

"टायर? ब्रेक? विम्याचा वाढलेला हप्ता? गाडी झिजते ते?"

"झिजते ते कुठे दिसतंय?"

"विकायला काढशील तेव्हा दिसेल," भट्टीवाला म्हणाला. "चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला आहे हा. मी खाल्लीय ती कोंबडी."

त्या दिवशी घरी जाण्याआधी त्याने गाडीत बसून नीट हिशेब केला. भट्टीवाल्याचं बरोबर होतं. टायर बदलले तर सगळी कमाई त्यात जाऊन वर खिशातूनच पैसे भरावे लागणार होते, आणि टायर बदलणं तर भागच होतं.

शहाण्या माणसाने इथे धंदा बंद केला असता. आपल्या माणसाने दुसरा सुरू केला. लॅबमध्ये तातडीची कामं यायची, दुपारच्या सुट्टीत बसून जो करेल त्याला वरचे पैसे मिळायचे. ती तो करायला लागला. त्यातून टायर आले, ब्रेक आले, आणि महिन्याच्या शेवटी गाडीची कमाई म्हणून बायकोच्या हातावर ठेवायला चार नोटाही आल्या. त्याला वाटलं, कुणाला पत्ता लागत नाही. डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरालाही हेच वाटतं.

"म्हणजे दुपारी उपाशी राहून कमवायचे आणि संध्याकाळी पेट्रोलात जाळायचे," भट्टीवाला म्हणाला. "याला जोडधंदा म्हणत नाहीत. याला शौक म्हणतात."

"घरी बोलू नकोस."

"मी कशाला बोलू? पण एक विचारतो. घरी जायचा एवढा कंटाळा येतो?"

हातातला दात कवळीवाला घासत राहिला, इतका की शेवटी तो दात कुणाच्याच जबड्यात बसेना.

तीन महिने संपले त्या रविवारी दुपारी वडील झोपले होते. बायकोने दोन कप चहा आणून ठेवला आणि समोर बसली. मांडीवर कुणाचीतरी पँट होती, तिची शिवण ती उसवत होती.

"सांगा," ती म्हणाली.

त्याने आकडा सांगितला. आकडा त्याने विचार करून ठरवला होता. फार मोठा नाही, कारण विश्वास बसला नसता, आणि फार लहानही नाही, कारण बंद करावं लागलं असतं. एखादा दात किंचित वाकडा ठेवावा तसा.

"यात टायर धरलेत?"

"धरलेत."

"सर्व्हिसिंग?"

"सगळं धरून."

"म्हणजे परवडतं."

"परवडतं. अगं, पैसे तुझ्या हातात दिलेत ना दर महिन्याला?"

"दिलेत," ती म्हणाली. दातांनी दोरा तोडला. "छान झालं. मग उद्यापासून मी जाते."

त्याला वाटलं, थट्टा चाललीय. तो हसलाही.

"माझंही लायसन्स आहे," ती म्हणाली. "गाडी मी तुमच्या आधी शिकलेय. ऍपवर नाव घातलंय, कागद पास झाले. इतका चांगला धंदा घरात असताना एकट्यानेच किती राबायचं? तीन महिने तुम्ही केलंत, आता तीन महिने मी."

"आणि बाबांचं जेवण?"

"तुम्ही असाल ना घरी."

रोज दुसऱ्यांचे दात बनवणाऱ्याची दातखीळ बसली. मग ती सुटली तेव्हा तो एकदम पुष्कळ बोलला. संध्याकाळची गर्दी काय असते, प्रवासी कसे कसे भेटतात, कंबर कशी धरते. तिने सगळं ऐकून घेतलं. तीन महिने कंबर धरल्याचं त्याने कधी सांगितलं नव्हतं, एवढंच ती म्हणाली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, हे त्याच्या लक्षात आलं. आता एकच वाट उरली होती.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "नाही परवडत. तोटा होतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"गाडीला नवे टायर दिसले तेव्हापासून. टायर काय झाडाला लागतात? आणि तुमचा डबा रोज भरलेलाच परत येतो. दुपारी तुम्ही काय करता ते भरलेला डबा सांगतो मला."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं?" ती अजून शिवणच उसवत होती, आवाजही चढलेला नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं. "पैशासाठी जात असतात तर म्हटलं असतं, उरत नाही तर सोडा. तुम्ही पदरचे पैसे घालून जात होतात. रोज संध्याकाळी या घराबाहेर राहण्यासाठी. तेवढा तोटा तुम्हाला परवडतो, तर मलाही परवडेल."

त्याने कप उचलला. चहा निवला होता.

"मला भीती वाटते गं," तो म्हणाला. "तेव्हा माझ्या हातून..."

"मलाही वाटते," ती म्हणाली. "रोज वाटते."

हे त्याने कधी विचारलंच नव्हतं. तिला जमतं म्हणजे तिला भीती वाटत नाही, असं तो धरून चालला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. लाज वाटून उपयोग काही नव्हता, कारण सोमवारी संध्याकाळी ती केस विंचरून, किल्ली घेऊन निघून गेली.

वाटी भरून तो वडिलांसमोर बसला. वडिलांनी दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, मग पुन्हा दाराकडे. त्याने अर्धा चमचा पुढे केला. वडिलांनी तोंड उघडलं, घास घेतला आणि सांगण्याआधीच हनुवटी खाली केली. घास उतरला. मग स्वतःहून पुन्हा एकदा रिकामं गिळलं आणि गाल दाखवायला तोंड उघडलं. तिसऱ्या चमच्याला त्यांना खोकला आला. हा ताडकन उठला, खुर्ची पडली. वडिलांनी डावा हात वर केला. थांब. त्यांनी खोकून घेतलं, श्वास घेतला, आणि बोटाने वाटी दाखवली. गेल्या तीन महिन्यांत म्हातारा गिळायला शिकला होता. रस्त्यावरच्या कितीतरी माणसांची खबर याला होती आणि घरातल्या माणसाची एवढी मोठी बातमी याला नव्हती. त्याने खुर्ची उचलली आणि डोळे पुसले. वडिलांनी तेवढा वेळ वाट पाहिली.

ती परत आली तेव्हा तो वाटी विसळत होता.

"जेवले?"

"अर्धी वाटी."

"पुष्कळ झालं. पहिल्या दिवशी मला पाव वाटीही जमली नव्हती."

तिने किल्ली खुंटीला लावली. एका गालावर सीटच्या शिवणीचा वळ उमटला होता. त्याने तो पाहिला.

"प्रवासी कसे होते?" त्याने विचारलं.

"कुणास ठाऊक. कोपऱ्यावर गाडी घेतली, म्हटलं आता ऍप चालू करावं. त्याआधी दोन मिनिटं टेकावं म्हणून सीट मागे केली, तर डोळाच लागला. गाढ झोपले हो. किती दिवसांनी." ती हसली. "पेट्रोलही जळलं नाही. तीन महिन्यांत आज पहिल्यांदा या गाडीने तोटा नाही केला."

तोही हसायला गेला, पण जमलं नाही. ती वडिलांना पांघरूण घालायला आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना तो आधी खाली गाडीपाशी गेला. मागच्या सीटवर त्याने आपली उशी ठेवली, काच बोटभर उघडी ठेवली, आणि मग गाडी तिथेच सोडून बसच्या थांब्याकडे निघाला.