तारोच्या तीन ओळी

रविवारी चर्चची घंटा व्हायच्या आत लुपे मळ्यावर नजर टाकायला गेली. तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, शेवटच्या तीन ओळींवर चढलेला रानवेल करपून लोळत होता. हे तणनाशकाने होतं, तिला पक्कं ठाऊक होतं.

सहा महिने तिने तो वेल हाताने उपटला होता. उपटावा, वर नारळाच्या झावळ्या अंथराव्यात, तर मेला दुसरीकडून डोकं वर काढी. नवरा न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेलेला, हिची कंबर धरलेली. राहिल्या होत्या एवढ्या तीनच ओळी. उद्या तपासनीस यायचा होता. सेंद्रिय तारोचा दाखला चौदा घरांत मिळून एकच. एकाने फवारलं की चौदाही घरं बुडाली!

"पेनी!" घरी येऊन ती धाकट्या भावावर ओरडली. "काय मारलंस रे वेलावर?"

चर्चचे पांढरे कपडे घातलेला पेनी बाहेर आला. "ताई, तू रांगत रांगत उपटत होतीस गं. बघवेना मला. काल तू बाजारात गेलीस, तेव्हा फवारणीचा पंप मागून आणला. तीनच ओळी मारल्या."

बहिणीला कष्टात टाकणाऱ्या भावाला सामोआत तोंड दाखवायला जागा नसते. लुपेला ते कळत होतं, म्हणून तर तिला नीट रागावताही येईना.

"मेले रे मी," ती म्हणाली.

"पुरून टाकू सगळं. कुणाला कळतंय?"

तिने खरंच कुदळ उचलली. तेवढ्यात चर्चला निघालेली शेजारची म्हातारी सालाई, चौदा घरांतलीच एक, कुंपणाशी थांबली. "झालं का गं तुझं वेल उपटून? माझं काल संपलं बाई. बोटं बघ, सोलून निघालीत!"

लुपेने कुदळ खाली ठेवली.

तिने पेटीतून लग्नातली बारीक विणीची चटई काढली, चर्चच्या अंगणात जाऊन बसली आणि चटई डोक्यावरून ओढून घेतली. चूक करणाऱ्याने असं बसायचं, ही तिथली रीत. ज्यांचं वाटोळं झालं त्यांनी चटई उचलली, तर माफी.

पेनी रडत चटईखाली शिरला. "फवारलं मी. ऊठ ना, ताई!"

"मळा माझा आहे. गप बस." मग तिने चर्चला जमलेल्यांना ओरडून सगळं सांगितलं. "माझं घर दाखल्यातून काढा, बाकीच्यांना वाचवा!"

घंटा थांबली. चटईच्या कडेखालून सोललेली बोटं आत आली. लुपेने ती ओळखली.

बोटांनी कड घट्ट धरली. कितीतरी वेळ तशीच धरून ठेवली. मग न उचलताच सोडून दिली.